गोठ्यावरच्या ऑफिसातला पहिला नंबर

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. माणसं घाबरलेली असली की ते आपोआप साठत जातात. आणि मारुंजीच्या त्या ऑफिसात आम्ही कायमच घाबरलेलो असायचो, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर आहे!

ऑफिस म्हणजे नानांच्या गोठ्यावरच्या दोन खोल्या, खाली गोठ्याला लागूनच त्यांचं घर. माणसं तीन: समीर सर, प्रशांत आणि मी. काम एकच, लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या. नानांनी हिंजवडीकडची जमीन विकून मुळशी धरणाजवळ रिसॉर्ट बांधलं होतं. आमचे सगळ्यात मोठे क्लायंट तेच आणि घरमालकही तेच. सर्चमधला रिसॉर्टचा नंबर गेला की काम जाणार, खोल्या जाणार आणि मी परत परभणीला. आईला मी 'आयटी पार्कात आहे' असं सांगून ठेवलं होतं. खाली म्हशी आहेत हे काही बोलले नव्हते.

*

नाना रोज सकाळी धारा काढून झाल्या की वर यायचे. जिन्यात चपला वाजल्या की मी घाईघाईने सर्च उघडायचे. दारातूनच विचारायचे, "आज कितवं?" मग मी 'मुळशी रिसॉर्ट' टाइप करायचं आणि साइट उघडून दाखवायची. पहिली आली तर खालून दुधाचा चहा यायचा. सहावी आली तर कोरा. नववी आली त्या दिवशी चहाच आला नाही.

प्रशांत म्हणाला, "उद्यापासून पाणी तोडणार बघ."

*

हा प्रशांत साताऱ्याचा, एकदम बिनधास्त. त्याने एकदा शक्कल लढवली. साइटच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मुळशी रिसॉर्ट' शेकडो वेळा लिहून टाकलं. माणसाला दिसत नाही, सर्चला दिसतं. थोड्याच दिवसांत पहिला नंबर! आम्ही वडापाव आणून खाल्ले. मग सर्चला लबाडी कळली आणि साइट गायबच झाली. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावरही नाही.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. सरांनी काय करावं? उठून सरळ मेन स्विच पाडला. "लोडशेडिंग आहे हो नाना, नंतर बघू."

नाना खाली गेले. खाली त्यांचा टीव्ही जोरात चालू होता.

*

ती अक्षरं पुसली, सर्चवाल्यांना माफीची मेल पाठवली, साइट हळूहळू परत आली. पण वर-खाली काही थांबेना. शेवटी सरांनी नानांना बसवून समजावलं. सर्चचे नियम बदलत राहतात, नव्या साइट येतात, दुसऱ्या साइटनी ज्यांची नावं घेतली त्या वर सरकतात, म्हणून आपण काहीच चुकलो नाही तरी खाली येतो. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचं अर्धं आयुष्य सातबाऱ्यापायी सरकारी कचेऱ्यांत गेलेलं.

"म्हंजी नंबर लावनारा कुनीतरी हायेच की," ते म्हणाले. "कुटं बसतो त्यो? उद्या तूप घेऊन भेटून येऊ."

तिथे माणूस बसत नाही हे सरांना सांगता येईना. प्रशांतने तोंड घातलं, "अमेरिकेत बसतो, नाना."

"मग डबा जरा मोठा घेऊ."

*

त्यानंतर अचानक साइट रोज पहिली यायला लागली. रोज दुधाचा चहा! पण रिसॉर्टवर पाहुणे काही वाढेनात. नानांनी घरात जावयाच्या कॉम्प्युटरवर शोधलं, तर साइट तिसऱ्या पानावर. प्रशांत खाली जाऊन खात्री करून आला, खरंच तिसऱ्या पानावर. मग आमची ट्यूब पेटली. मी रोज सकाळी माझ्या मशीनवर तीच साइट उघडत होते. सर्चने ते लक्षात ठेवलं आणि मला तीच वर दाखवायला लागलं. पहिला नंबर होता तो फक्त माझ्या टेबलावर. मला रडूच आलं, कारण काम ठेवायचं की खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या, हे नाना त्याच दुपारी सांगायला येणार होते.

नाना आले आणि माझ्या मागे उभे राहिले. मी टाइप केलं. पहिली. मग त्यांनी स्वतः एका बोटाने टाइप केलं. पहिली. सर घसा खाकरून खरं काय ते सांगणार, तेवढ्यात नानाच बोलले.

"जावयाचाच कॉम्प्युटर खराब हाय. ह्यो चांगला हाय. ह्योच द्या मला, रिसॉर्टवर ठिवतो."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी प्रशांतकडे. नानांनी वर्षभराचं काम आमच्याकडेच ठेवलं आणि माझा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून जीपमधून मुळशीला नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चपला वाजल्या नाहीत, फोन वाजला. कुणी उचलेना. शेवटी मीच उचलला. पलीकडे नाना, आवाज एकदम खुशीत.

"पयला नंबर हाय, पोरी. सकाळधरनं बघतोय, जरा बी हालंना. आता पावनं कवा येनार तेवढं सांग."