पाणी का तेल?

हे मी कुठं छापायला देणार नाही. लिहून ट्रंकेत ठेवणार आहे. माझ्या माघारी ज्याच्या हाती लागेल त्यानं वाचावं आणि पुन्हा ट्रंकेतच ठेवावं. लिहितोय ते एवढ्यासाठी, की हनीफबद्दल बाजारात जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं, आणि मला तोंड उघडता येत नाही.

हनीफचं दुकान लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच ते दुकान. भिंतभर खिळे आणि खिळ्यांना रबरी रिंगा: बोअरच्या पंपाच्या, ट्रॅक्टरच्या, जेसीबीच्या, साखर कारखान्यातल्या व्हॉल्व्हच्या. गिऱ्हाइकानं तुटकी रिंग काउंटरवर टाकली की हनीफ आधी माप घेत नसे. आधी विचारायचा, "पाणी का तेल?" पाण्यात टिकणारं रबर तेलात फुगतं आणि तेलात टिकणारं उकळत्या पाण्यात कडक होऊन तडकतं, हे त्याचं सगळं शास्त्र. रिंग गेली तर तो रबराला कधी दोष द्यायचा नाही. निवडणारा चुकला म्हणायचा. किल्लारीकडचे कारखान्याचे फिटर वाटेतली दहा दुकानं सोडून त्याच्याकडं यायचे आणि तो देईल ती रिंग न बघता खिशात टाकायचे.

मी तिथं रोज जाऊन बसायचो. एका आयटीआयमध्ये एकतीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवून मी निवृत्त झालो. शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. घरात माझं कुणी ऐकत नव्हतं, हनीफ ऐकायचा. गिऱ्हाइकानं त्याला काही विचारलं तर उत्तर मीच द्यायचो. तो हसून म्हणायचा, "सर, दुकान तुमच्याच नावावर करून टाकतो."

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर रामलिंग दुकानात आला. हा माझा जुना विद्यार्थी. अहमदपूरला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप होतं. वर्गात असताना माझा शब्द वहीत उतरवून घेणारा एकच पोरगा, तो हा. त्यानं पिशवीतून एक जड लोखंडी चकती काढून काउंटरवर ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला.

रामलिंग विमान बांधत होता. नकाशे मागवून, प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या आणून, वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याखाली तीन वर्षं त्याचं काम चाललं होतं. परवानगीचा कागद नव्हता, ते मला त्या दिवशीच कळलं होतं आणि मी त्याचा कान धरायला हवा होता. पण माझ्या हाताखालचा पोरगा विमान करतोय म्हटल्यावर माझीच छाती फुगली. इंजिन त्यानं हैदराबादच्या भंगारातून आणलं होतं, कुठल्या तरी जुन्या जपानी गाडीतलं. त्यात पिस्टन नसतो. पोटात तीन कोनांचं एक लोखंड गरागरा फिरतं. इंजिनाचे जाड थर भाकरींच्या चळतीसारखे एकावर एक बसवून बोल्टांनी आवळलेले असतात (काउंटरवरची चकती त्यातलीच एक), आणि थरा-थरामध्ये खाचेत रबरी रिंगा असतात. थंड करायला फिरणारं पाणी त्या रिंगा अडवून धरतात. रिंग फाटली की पाणी जळणाच्या जागेत शिरतं आणि इंजिन बसतं. त्याच्या इंजिनातल्या जुन्या रिंगा जळून गेल्या होत्या. नव्या बाहेरदेशातून दोनदा मागवल्या, दोन्ही वेळा दुसऱ्याच मापाच्या आल्या.

"चाचा, ह्याला रिंग पायजे," रामलिंग म्हणाला.

"पाणी का तेल?"

रामलिंगनं माझ्याकडं बघितलं. सर समोर असले की विद्यार्थी सरांकडं बघतो. आणि मी लगेच उत्तर दिलं. "कूलंट आहे हनीफ. म्हणजे पाणीच धर."

"हाव, कूलंट," रामलिंग म्हणाला.

हनीफनं चकतीच्या खाचेतून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पंप बंद पडला तर मानूस जमिनीवर उभा असतो बाबा. हे वर गेल्यावर बंद पडलं तर?"

"म्हनून तर तुमच्याकडं आलो."

त्यानं चाळीस दिवस मागून घेतले. एका रिंगेला चाळीस दिवस, म्हणून मी त्याची टिंगल केली. त्यानं चार जातींच्या रबराचे तुकडे घेतले आणि मोटारीच्या दुकानातून हिरवं कूलंट आणलं, आपण कारमध्ये ओततो ते. साबेराभाभींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, पाच लिटरचा कुकर उचलला. त्यात हिरवं पाणी, त्यात तुकडे, आणि रोज सकाळी दोन तास उकळी. भाभी दारात येऊन मला सांगायच्या, "सर, तुम्हीच समजावा ह्यांना. आमच्या डाळीला रबराचा वास येऊन राहिला." नवा कुकर आणेपर्यंत ते घर त्या वासात जेवलं.

बाराव्या दिवशी साधं काळं नायट्रिल वाकवताना तडकलं. सिलिकॉननं उष्णता सोसली, पण नखानं ओरखडा काढला की फाटायचं. बोल्ट आवळताना जरा चिमटीत सापडलं तर संपलं, म्हणून हनीफनं तेही बाजूला टाकलं. व्हायटन त्याचं लाडकं, तेलात त्याला तोड नाही. पण पंचविसाव्या दिवशी त्याच्या अंगावर बारीक फोड दिसले. राहिलं ईपीडीएम. ते चाळीसाव्या दिवशी जसं आत गेलं होतं तसंच बाहेर आलं. हनीफनं ते दाताखाली धरलं, वाकवलं, मापलं, तुकडा जाळून वास घेतला आणि म्हणाला, "हे." मग त्यानं खाचेच्या मापाच्या रिंगा स्वतः जोडून दिल्या. एकेका रिंगेचा जोड मनासारखा होईस्तोवर कापून फेकून दिला. रामलिंगला देताना दोन्ही हातांनी दिल्या आणि बजावलं, "बसवताना साबणाचं पाणी लाव. तेलाचं, ग्रीसचं बोट बी लागू देऊ नको. ह्याचा तेलाशी दावा हाय."

रामलिंगनं ते अक्षरशः पाळलं. साबणानं हात धुऊन रिंगा बसवल्या. मी तिथं होतो.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर अहमदपूरबाहेरच्या माळावर विमान पळायला लागलं. आधी नुसतंच पळायचं, मग माणूसभर उचलायचं आणि टेकायचं. रामलिंगची बायको सुकन्या दर खेपेला बरोबर असायची. वाऱ्याची दिशा कळायला तिनंच बांबूला जुन्या साडीची पट्टी बांधली होती. रामलिंग पट्टा आवळून बसला की रेडिएटरचं झाकण उघडून ती पाणी बघायची आणि कमी असेल तेवढं डब्यातून भरायची. इंजिन दोन महिने गोड चाललं. हनीफला एकदा नेऊन दाखवलं तेव्हा तो इंजिनाला कान लावून उभा राहिला आणि परत येताना जीपमध्ये माझ्या खांद्यावर झोपला. त्याला इतकं निवांत मी आधी कधी बघितलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी रामलिंग पहिल्यांदा माळाच्या कडेच्या चिंचेच्या झाडांच्या वर गेला. वळण घेताना विमानाच्या मागं पांढरा धूर निघाला आणि आवाज थांबला. विमान शेताच्या बांधावर आदळलं. सुकन्या धावत पोचली तेव्हा तो जिवंत होता. दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

पोलिसांनी मोडलेलं विमान ठाण्याच्या आवारात आणून टाकली आणि इंजिन उघडायला मला बोलावलं. हनीफ आपणहून आला होता. मी थर सुटे केले. आतल्या बाजूची रिंग मऊ पडून फुगली होती, खाचेबाहेर येऊन चेंगरली होती आणि बोटभर जागी फाटली होती. तिच्याखाली साचलेलं पाणी हिरवं नव्हतं. दुधासारखं पांढरं होतं.

ते बघितलं आणि मी पाना खाली ठेवला. लेथवर लोखंड कापताना जे पांढरं पाणी सोडतात, त्यात तेल कालवलेलं असतं. आमच्या सगळ्या वर्कशॉपमध्ये त्याला कूलंटच म्हणतात. इकडचं बोअरचं पाणी जड, रेडिएटरला गंज धरतो, म्हणून त्यात लेथचं कूलंट घालत जा, असं मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. ट्रॅक्टरला ते चालून जातं, हनीफनं निवडलेल्या रबराला नाही. हनीफनं कूलंट ऐकलं ते मोटारीच्या दुकानातलं. रामलिंगनं म्हटलं ते माझ्या वर्गातलं. दोन्ही मला ठाऊक होती, आणि त्या दोघांच्या मध्ये बसून "पाणीच धर" म्हणणारा मी होतो.

हवालदारानं विचारलं, "काय बिघडलं?"

मी म्हणालो, "रिंग फाटली." यात खोटं काही नव्हतं. हनीफनं रिंग हातात घेतली, नखानं दाबली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. "रिंग माझी हाय साहेब," तो म्हणाला. "मीच निवडली." ते पंचनाम्यात गेलं. मी खाली सही केली.

हनीफवर कोर्टकचेरी काही झाली नाही. झालं ते त्याहून वाईट. हनीफच्या रिंगेनं माणूस मेला, हे वाक्य महिन्याभरात कारखान्यापर्यंत पोचलं. फिटर यायचे थांबले. जे आले त्यांना हनीफच म्हणायला लागला, "दुसरीकडून घ्या." भिंतीवरच्या रिंगा त्यानं एकेक करून उतरवल्या. आता तो कुकरच्या रिंगा आणि नळाचे वायसर विकतो. बायका शिट्टी आणतात, तो बदलून देतो. "पाणी का तेल?" हे त्याच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही.

मी आठ महिने गप्प बसलो. मी, ज्याचं तोंड वर्गात, घरात, दुकानात कधी मिटलं नाही. शेवटी एका दुपारी राहवेना. भाभी घरात होत्या, दुकानात कुणी नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "उद्या ठाण्यात जाऊन लिहून देतो. बाजारात ओरडून सांगतो."

हनीफ काउंटर पुसत होता. पुसतच राहिला. "ठाऊक हाय, सर. ठाण्यात नाकाशी धरली तवाच कळलं. तुमच्या लेथचा वास मला कळत न्हाई व्हय?"

मला संताप आला. त्याच्यावर! "मग बोलला का नाहीस? मला वाचवायला? मी सांगितलं होतं तुला?"

"तुमच्यासाठी न्हाई," तो म्हणाला. "त्या सकाळी, इंजिन खोलायच्या आधी, सुकन्याबाई ठाण्याच्या वट्ट्यावर बसून व्हती. मी पान्याचं इचारलं. म्हनली, चाचा, पानी मीच भरत होते. ते सांगतील ते, डब्यातलं, काठोकाठ. एक दिस बी कमी पडू दिलं न्हाई." हनीफनं पुसणं थांबवलं. "पुन्हा पुन्हा तेच सांगून राहिली व्हती, कमी पडू दिलं न्हाई. त्यावर मी काय सांगू तिला? कशानं फुगली रिंग?"

फडकं त्यानं रिकाम्या खिळ्याला अडकवलं.

"माझं नाव गेलं, जाऊ द्या. मी म्हातारा मानूस, कुकरच्या रिंगांवर पोट भरतंय. ती पस्तिशीची हाय. तिला लई वर्षं काढायची हायत. आन् सर, कोणतं कूलंट, हे इचारायचं काम माझं व्हतं. चाळीस दिस उकळत बसलो, एवढं इचारलं न्हाई."

मी ठाण्यात गेलो नाही. चहाच्या टपरीवर कुणी हनीफचं नाव काढून हसतं, तेव्हा मी कप खाली ठेवून उठतो. एवढंच माझ्या हातात राहिलंय, आणि ती शिक्षा मला कमीच आहे.

यंदा मे महिन्यात सुकन्या कसल्याशा कागदासाठी लातूरला आली आणि माझ्या घरी येऊन गेली. वाळून गेली आहे. वर्कशॉप तिनंच चालवायला घेतलंय, पंप स्वतः खोलते. पाणी प्याली, माझ्या बायकोनं दिलेलं कुंकू नको म्हणाली, आणि निघताना दारात थांबली.

"सर, त्या चाचाला एक सांगा. लई शिव्याशाप दिले मी त्यास्नी, मनातल्या मनात. मुद्दाम तर केलं न्हाई त्यांनी. मी माफ केलं म्हनून सांगा."

तिच्या पिशवीतून वर्कशॉपचा वास येत होता, पांढऱ्या पाण्याचा. मी म्हणालो, "सांगतो."

तसाच उठून दुकानात गेलो. हनीफ एका बाईला दुकानातल्या झाकणावर कुकरची रिंग बसवून दाखवत होता. ती गेल्यावर मी निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यानं मान हलवली आणि झाकण जागेवर ठेवलं.

"बरं झालं," म्हणाला. "आता तिला झोप लागंल."