हुरड्याला नेलेला चिया
विस्तवावर शिजवलेलं आणि दूधदुभतं मी सोडलं, तेव्हापासून सासूबाई मला शेरडूच म्हणतात. यंदा मंगळवेढ्याला नणंदेच्या शेतात हुरडा होता. सगळे आगटीभोवती बसले. मी कोवळे दाणे कच्चेच चावले आणि नारळाच्या दुधात भिजवलेल्या चियाचा मोठा डबा उघडला. त्या फुगलेल्या, बुळबुळीत बिया बघून सासूबाई ओरडल्या, "अगं बया, बेडकाची अंडी खातीस व्हय?" सगळे खो खो हसले. मी मुद्दाम चमचा चाटून दाखवला. पुढं लसणाच्या चटणीनं एकेकाची जीभ पोळली आणि डबा हातोहात फिरला. शेवटी तो सासूबाईंनी बोटानं पुसून घेतला आणि मलाच विचारलं, "त्या बेडकानं आणखी अंडी घातल्यात का न्हाईत गं?"