गाढविणीचं दूध आणि आठशे मीटर

गाढविणीचं दूध मी प्यायलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. परळीला आमच्या गल्लीत एक बाई गाढवीण घेऊन यायची, "दम्याला, खोकल्याला ताजं दूध" असं ओरडत. दारातच धार काढायची आणि झाकणात ओतून द्यायची. कोमट, पातळ, गुळमट, आणि वर एक करडा केस. आत्या म्हणाली, "डोळे मिट अन् पी. लई गुणकारी हाय." ती चव दिवसभर तोंडातून गेली नाही.

एरवी मला दमा नव्हता. पळायला लागले की दुसऱ्या फेरीत छाती आवळायची, घशातून शिट्टी वाजायची. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर धावावं लागतं आणि वयाच्या अटीत माझी ती शेवटची भरती होती. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला, पळायच्या पंधरा मिनिटं आधी ओढायचा. खाण्याचं विचारलं तर म्हणाले, भरल्या पोटी पळू नको, फळं खा, केळंसुद्धा चालेल. पण खाण्यानं पंपाचं काम होत नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सिरसाळ्याहून आमच्याकडे मुक्कामाला आलेली. ती म्हणाली, "पोरीच्या जातीला पंप कशाला? एकदा लागला की सुटत न्हाई. सोयरीक कोण करील?" झालं. केळं, दही, काकडी, भात थंड म्हणून बंद. सकाळी लसूण उकळलेलं दूध, तेही सायीसकट. संध्याकाळी कांद्याचा रस. माझ्या घामालाही लसणाचा वास येऊ लागला. सरावाला मुली माझ्यापासून चार हात लांब पळायच्या आणि मला माझ्याच अंगाची शिसारी यायची.

पंप मी संडासात दार लावून ओढायची. त्यानं दम लागायचा थांबला, आणि घरात श्रेय मिळालं लसणाला. 

भरतीच्या दिवशी आई माझ्याबरोबर बीडला आली. मैदानाबाहेर तिनं पदराआडून एक केळं काढलं. जन्मात पहिल्यांदा तिनं नणंदेचा शब्द मोडला होता. "डॉक्टर म्हणलेत ना, खा. आक्काला सांगू नको." मी खाल्लं. उपाशीपोटी पळण्यापेक्षा ते केव्हाही बरं होतं.

मग रांग लागली. पंप खिशात होता. पुढे मुली, मागे मुली, आडोसा कुठेच नाही. दमेकरी म्हणून काढून टाकलं तर, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती. मी हात खिशात घातला आणि तसाच बाहेर काढला. दुसऱ्या फेरीत शिट्टी वाजायला लागली. शेवटची आले आणि कडेला जाऊन ओकले.

घरी आल्यावर आत्यानं आईसमोरच विचारलं, "सगळं पथ्य पाळूनबी असं कसं झालं? तिथं काय खाल्लंस?"

खरं सांगायला एवढंच पुरे होतं, की मी पंप ओढला नाही. मी म्हणाले, "केळं."

आत्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. "मीच दिलतं. माझंच चुकलं."

मी तेव्हा बोलले नाही, नंतरही नाही. माझी नोकरी आपल्यामुळे गेली, असं ती अजून समजते.