परधान्यासाठी दोन दात

तलवाड्याच्या आश्रुबाचा परधान्या बैल मालकासारखाच हट्टी. पाण्यावर नेला की आश्रुबानं शीळ घालायची, मगच हा तोंड बुडवणार. शीळ थांबली की पिणंही थांबलं. शीळ घालून बैलाला पाणी पाजायची रीत गावात सगळ्यांचीच, पण बाकीचे बैल शिळेवाचूनही पीत. परधान्याचे मात्र फाजील लाड झाले होते, आणि ते आश्रुबानंच केले होते.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. आश्रुबा आणि त्याची बायको कौशल्याबाई परधान्याला घेऊन तिथंच पालात राहायला आली. एका सकाळी गोमाशी चावली म्हणून परधान्यानं मान झटकली आणि शिंग बसलं थेट आश्रुबाच्या तोंडावर. वरचे पुढचे दोन दात अर्ध्यात तुटले. रक्त थांबल्यावर या गड्यानं आधी काय करावं? शीळ घालून बघितली. नुसती फुस्स हवा. परधान्या टाकीत तोंड घालून तसाच उभा राहिला. दोन दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि आश्रुबाला अन्न गोड लागेना.

शेजारच्या दावणीला नबीच्या म्हशी होत्या. तो म्हणाला, "बीडला खासगी डाक्टर हाय. आठ दिवसांत दातावर कॅप बसवतो, पांढरीशुभ्र."

आश्रुबा बीडला जाऊन आला तो कपाळाला हात लावूनच. "नबी, त्यानं जेवढे सांगितले तेवढ्यासाठी परधान्याच इकावा लागंल. बैलासाठी दात आन् दातासाठी बैल! ह्यो कुठला इसाब बे?"

मग उरला औरंगाबादचा सरकारी दाताचा दवाखाना. तिथं पैसे थोडके, पण वेळ लई. केसपेपरची रांग, दाताच्या फोटोची रांग. शिकाऊ डॉक्टरीणबाई हाताची हलकी आणि बोलायला गोड, पण मोठ्या सरांना दाखवल्याशिवाय तिचं काम पुढं सरकत नसे. आधी रूट कॅनाल, मग कॅपसाठी दात घासून बारीक करणं, मग माप, आणि दरवेळी "पुढच्या आठवड्यात या". आश्रुबा एसटीनं जायचा, यायचा आणि आल्या आल्या परधान्याच्या बरगड्या चाचपायचा. नवल म्हणजे बैल भरत चालला होता.

"पाणी पितो का गं?"

"पितोय की. तान लागल्यावर कोण न्हाई पीत?" कौशल्याबाई भाकरी थापत सांगायची, आणि नबी उगाच खोकायचा.

शेवटी कॅपा आल्या. पांढऱ्यांसाठी अजून थांबावं लागणार होतं, म्हणून आश्रुबानं चंदेरीच घेतल्या. त्या बसवून डॉक्टरीणबाईनं आरसा पुढं केला. आश्रुबानं आरसा बाजूला सारला आणि शीळ घातली. सूर फाटला.

"बाई, वाईच घासा की."

तिनं कड घासली. दुसऱ्यांदा अशी शीळ निघाली की बाहेरचा वॉचमन धावत आला, "कोण शिट्टी मारतंय?" बाई पोट धरून हसली. आश्रुबाला मात्र कधी एकदा छावणी गाठतो असं झालं होतं.

संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी ही गर्दी. आश्रुबानं परधान्याला पुढं आणलं, ओठ ओले केले आणि शीळ घातली. परधान्यानं कान टवकारले, अनोळखी माणसाकडं बघावं तसं मालकाकडं बघितलं आणि चार पावलं मागं सरला. आश्रुबानं पुन्हा घातली. बैल ढिम्म. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात मागून शीळ आली. हुबेहूब आश्रुबाची, जुन्या दातांची! परधान्या मुकाट्यानं पुढं झाला आणि घटाघटा प्यायला लागला. आश्रुबानं वळून बघितलं, तर कौशल्याबाई पदराआडून शीळ घालत होती.

"तू? बाईमाणसानं शीळ?"

तिनं शीळ थांबवली. "इतकी वर्सं तुमच्या बाजूला हुबी हाय. ऐकून ऐकून आली."

"मंग सांगितलं कावून न्हाई? मी उगंच हेलपाटे घातले की!"

"सांगितलं आस्तं तर तुमी गेला आस्ता का? बैल पितोय म्हणून तसेच बसला आस्ता, जलमभर भाकर पाण्यात कुस्करून खात."

छावणी खदाखदा हसत होती. मग तोही हसला, दोन्ही चंदेरी दात सगळ्यांना दिसतील असा तोंडभरून. कौशल्याबाईही हसायला लागली, आणि तिकडं शीळ थांबल्यापासून परधान्या पाण्यात तोंड घालून तसाच उभा होता.

"घाल की गं शीळ," आश्रुबा सगळ्यांदेखत म्हणाला. "जनावर तानेलं हाय."