पेटीतला बल्ब

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या त्या वेल्डरचं नाव मला अजून माहीत नाही. विचारायला तोंड उघडलं की तो माझ्या हातात तारेचा ब्रश द्यायचा.

धानाच्या ऐन रोवणीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक तुटला होता. शेतात, बांधीत बाया रोपांसाठी खोळंबल्या होत्या आणि मी पावसात चिंब भिजून त्याच्या दुकानात उभा होतो. दुकानात अंधार होता, कारण एकुलता एक बल्ब त्याने वेल्डिंगच्या रॉडच्या लोखंडी पेटीत लावला होता. पेटीवर टॉवेल पांघरलेला. मला वाटलं, आत कोंबडीची पिल्लं असावीत.

"रॉड ओले राहिले का जोडात बारीक भोकं पडते जी," तो म्हणाला. "अन् हुकाचा चिखल, गंज, रंग सारा घासा. चमकल्याबिगर मी हात लावत नाही."

मी घासलं. त्याने वेल्डिंगचा एक थर मारला आणि हातोडीने ठोकून वरची काळी खपली सोलत बसला. मध्येच फुंकर मारायचा, बोट फिरवायचा.

"राहू द्या ना खपली, वरून दुसरा थर मारा," मी म्हणालो.

"काऊन? आत खपली राहिली का हूक परत तुटते. मंग शिव्या मलेच द्याल."

मला तीन शिंका आल्या. डोकं पुसायला मी पेटीवरचा टॉवेल मागितला. त्याने टॉवेलचं टोक नीट खोचलं.

"तुमी घरी जाऊन वाळाल जी. हे रॉड कुठं जातीन?"

रोवणी झाली, हूक टिकला. तापाने मी पडलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काऊन, त्या पेटीत जागा नव्हती का?"