हंबीररावाची बाजू

गडमुडशिंगीचा पिराजी बत्तीस वर्षं दूध संस्थेत फॅट काढायला होता. कॅन नुसता हलला तरी आवाजावरून तो पाणी ओळखायचा, आणि ज्याचं पाणी निघायचं तोही हसत हसत कबूल व्हायचा, असा माणूस गोड. पण गावात त्याची ओळख निराळीच. फरीगदक्यात मार आडवावा तर तो पिराजीनंच! फरी म्हणजे डाव्या हातातली कातडी ढाल, वाटोळी, जेवायच्या ताटाएवढी. गदका म्हणजे चामडं गुंडाळलेली काठी. समोरच्यानं ठरल्या क्रमानं बारा मार मारायचे आणि ह्यानं ठरल्या क्रमानं आडवायचे. आता समोरचा म्हणजे हंबीरराव. दुसरा कुणी कधी नव्हताच.

चाळीस वर्षं ही जोडी खेळली. मध्ये एक वर्ष तर असं गेलं, की हंबीररावाची म्हैस पिराजीच्या उसात शिरली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यात एक मांडवाच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला. पण दिवस कलला की दोघंही देवळामागच्या मैदानात हजर! तोंडातून शब्द नाही, खेळ मात्र रोजचा रोज. शेवटी त्याच म्हशीला रेडी झाली, तेव्हा हंबीररावानं खरवसाचा डबा फरीवर ठेवून पुढं केला. पिराजीनं तिथंच उभ्यानं खाल्ला आणि म्हणाला, "साखर कमी हाय." मिटलं भांडण.

अकरा वर्षांपूर्वी हंबीरराव मुलाकडं बेंगळुरूला गेला. दरसाल माघात त्याचा फोन यायचा, "पिऱ्या, औंदा चैत्रात जोतिबाला येतोय. आलो की खेळू." झालं! पिराजी माळ्यावरची फरी काढायचा, पुसायचा, तिला तेल पाजायचा.

"एवढं तेल माझ्या गुडघ्यांना लावलं असतंत, तर मीच खेळली असती तुमच्यासंगं," चिमणाबाई म्हणायची. ही त्याची बायको, तोंडानं फटकळ, पण फरी उन्हात ठेवलेली असली तर तीच आठवणीनं आत घ्यायची.

चैत्र यायचा, चैत्र जायचा. हंबीरराव काही यायचा नाही.

अशाच एका माघात, रविवारी, दारात स्कूटर थांबली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी उतरली.

"पावणं कुठलं म्हणायचं?" पिराजीनं विचारलं.

"राजारामपुरीतून आले, आबा. संयोगिता माझं नाव. फरीगदक्याचं तालमीत विचारत होते, तर सगळे म्हणाले गडमुडशिंगीला पिराजी आबांकडं जा."

"शिकायचाय का?"

"लिहायचाय."

तिचं प्रकरण समजायला दोन कप चहा लागला. दिवसभर ही पोरगी कॉम्प्युटरवर नोकरी करते, आणि शनिवारी रात्री तिचे चार-पाच सोबती टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कुणी नावाडी, कुणी किल्लेदार, कुणी झाडपाल्याची वैदू. लढाई आली की फासा टाकायचा, आणि हातातल्या कार्डांवर जे डाव लिहिलेत तेवढेच करायचे.

"डाव सगळे बाहेरचे आहेत हो," ती म्हणाली. "जपानी तलवार, चिनी लाथ. मला आपल्या मातीतले पाहिजेत. मीच नवीन खेळ बनवतेय. मे महिन्यात पुण्याला अशा खेळांचा मेळा आहे, तिथं मांडायचाय."

"म्हंजे मारामारी बसून करायची?" चिमणाबाईनं विचारलं.

"हो, आजी."

"मग ह्येंना जमंल. अलीकडं बसूनच असत्यात."

पिराजी तोवर तिचा फासा हातात फिरवत होता. "वीस तोंडं ह्येला? मग घरात ह्येचं कुणाशी पटत असंल का न्हाय?" असं म्हणून तो एकटाच खदखदा हसला.

त्या दिवसापासून दर रविवार ठरला. तो अंगणात उभा राहून हात दाखवायचा, ती उभ्याउभ्या टिपायची. पहिल्याच दिवशी अडलं.

"आबा, ह्या डावानं समोरच्याचा जीव किती कमी होतो? इथं आकडा लिहायचा असतो."

"जीव? अगं बाय, चाळीस वर्सं हंबीररावानं मला मारलंय, जीव वाढलाय माझा! लागलं तर दोघांचाबी खेळ बिघडला म्हणायचं."

"मग कमी काय होतं?"

पिराजीनं तिच्या खांद्यावर हळूच दोन बोटं टेकवली. ती एक पाऊल मागं सरकली. "ह्ये. तोल. तोल गेला की गडी संपला."

संयोगितानं जिवाचा रकाना खोडला आणि तिथं 'तोल' लिहिलं. घरी जाताना स्कूटरवर ती गाणं म्हणत गेली, असं चिमणाबाईनं पाहिलं.

पुढं पुढं तर पिराजीच तिच्या आकड्यांत बोट घालायला लागला. डोक्यावरचा मार म्हणजे शिर. तो आडवायला फाशावर निदान नऊ पडले पाहिजेत, असं तिनं ठेवलं होतं.

"नऊ कशाला? शिर शेंबडं पोरगंबी आडवतंय. पाच कर. कमरंच्या माराला पंधरा ठेव. तिथं माझीबी फजिती झालीया."

"कधी हो?"

"मलकापूरच्या बाजारात. धोतराचा सोगा सुटला. मार आडवू का धोतर? तर हंबीररावानं मार हवेत धरला आन डोळ्यानंच म्हणाला, आवर. मी आवरलं, मग त्यानं मारलं. लोकांना वाटलं ह्योबी डावच हाय. टाळ्या पडल्या!"

संयोगितानं त्याचंही कार्ड केलं. समोरचा आवरेपर्यंत थांबायचं, थांबणाऱ्याचा तोल एकानं वाढतो.

चौदा कार्डं झाली तेव्हा सोबत्यांना बसवून तिनं खेळ लावून बघितला, आणि पुढच्या रविवारी तोंड पाडून आली.

"आबा, तासभर आम्ही नुसते बसून होतो. सगळे आडवायला तयार. मारणारा कुणीच नाही."

पिराजीनं जे जे दाखवलं ते सगळं आडवणंच होतं. मारायची बाजू हंबीररावाची. दोघांना लक्षात कसं आलं नाही याचं दोघांनाही हसू आलं, पण पिराजीचं हसू लवकर मावळलं.

"पण तुम्ही ते मार चाळीस वर्षं बघितलेत की. तुम्हीच करून दाखवा ना."

"न्हाय. ती हंबीररावाची बाजू हाय."

त्यांच्या वस्तादाचा नेम कडक होता. जोडी लावताना दोघांना बाजू वाटून द्यायची आणि माती कपाळाला लावून सांगायचं, जोडी हाय तोवर दुसऱ्याच्या बाजूला पाय ठेवायचा नाही. पिराजीनं तो पाळला होता. पण नुसता नेम असता तर एक वेळ मोडला असता. एसटीत आपल्या माणसासाठी रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती समोरची जागा त्यानं अकरा वर्षं धरून ठेवली होती. आपणच तिथं बसलो, तर तो आता येणार नाही हे कबूल केल्यासारखं होतं.

"चैत्रात येतोय तो," पिराजी म्हणाला. "त्योच दाखवंल. तुझ्या मेळ्याला तेवढी कळ निघंल का?"

"निघेल. पण चैत्र संपला की छापायला टाकावंच लागेल, आबा."

चैत्री पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या जोतिबाच्या डोंगराकडं गेल्या आणि गुलालात माखून परत आल्या. पिराजी दोन दिवस दाराशी बसून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच फोन लावला.

"का रं, आला न्हाईस?"

हंबीरराव म्हणाला, "पिऱ्या, उजवा हात उचलत न्हाय. दोन वर्सं झाली. दमबी पुरत न्हाय. च्याचा कप डाव्यानं धरतो."

"दोन वर्सं? आन मला येतो येतो म्हणालतास ते?"

"मग काय म्हणू?"

पिराजीनं विषय बदलून संयोगिताचं, कार्डांचं, वीस तोंडांच्या फाशाचं सगळं सांगून टाकलं. हंबीररावाला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला.

"मग तूच मार की माझ्या बाजूनं."

"वस्तादानं सांगितलेलं इसरलास?"

"वस्तादाला जाऊन तीस वर्सं झाली. मी सांगतुया न्हवं? जा, हुबा ऱ्हा जा तिथं."

त्या दिवशी पिराजी जेवला नाही. चिमणाबाईनंही फटकळ काही काढलं नाही. ताटावर ताट झाकलं आणि शेजारी बसून राहिली.

रविवारी दिवस कलताना तो संयोगिताला घेऊन देवळामागच्या मैदानात गेला. आपल्या नेहमीच्या जागी क्षणभर थांबला, मग सात पावलं चालून पलीकडं गेला आणि वळला. वळला तसं मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत घुसलं. काही म्हणजे काही दिसेना! कपाळावर हात धरून तो उभाच राहिला.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाय. लिव तू. ह्ये शिर."

मार त्याला येत होते. सगळे, ओळीनं. पण समोर फरी नव्हती. गदका हवेत जायचा आणि थांबवायला कुणी नसल्यानं खांदा खेचला जायचा. पाचव्या माराला तो धापा टाकत वाकला. फोन काढला.

"हंब्या, तुझ्या बाजूला हुबा हाय. तुला ऊन लागत हुतं काय रं डोळ्यावर?"

"लागत हुतं की."

"मग मी दिसत हुतो का?"

"न्हाय. पर तू कुठं हलणार हुतास?"

पिराजीनं पलीकडच्या आपल्या जागेकडं बघितलं. संयोगितानं पेन खाली घेतलं.

"किती झालं?" हंबीररावानं विचारलं.

"पाच. पुढं खांदा चालंना."

"ऱ्हाऊ दे. पोरीला म्हणावं, पुढचं मी सांगतो, तिकडं लिहून घे. आन तू जा तुझ्या जाग्यावर. जा जा."

डाव्या हातात फरी घ्यायची म्हणून पिराजीनं फोन आवाज मोठा करून संयोगिताच्या हातात दिला आणि सात पावलं परत आला. पाय मातीत बसले. ऊन पाठीवर आलं.

"पैल्यापासनं घेतो," फोनमधून आवाज आला. "शिर!"

फरी वर गेली.

"कमर!"

फरी खाली.

"गालाला!"

एकदा हंबीररावानं क्रम चुकवला, दोनदा कमरेलाच मारलं. पिराजीनं दोन्ही आडवले, चकार शब्द न काढता. संयोगिता एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं लिहीत होती. अकरावा मार झाला आणि हंबीररावाचा दम संपला. फोनमधून नुसता श्वास ऐकू यायला लागला, तुटक तुटक.

"आबा, थांबायचं का?" तिनं हळूच विचारलं.

पिराजीनं 'न्हाय' अशी मान हलवली. समोरच्या रिकाम्या जागेवरची नजर न काढता, फरी छातीशी धरून, गुडघ्यात किंचित वाकून तो बाराव्या माराची वाट बघत उभा राहिला.