स्पीकरची घोडी

तुमच्या नव्या घराचा फोटो पाहिला. टीव्हीशेजारी दोन काळ्या पेट्या एकावर एक रचल्या आहेत. त्या घुमल्या की पायाखालची जमीन हलते, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. सत्तरच्या दशकात तुमच्या आजोबांनीही सोलापूरच्या घरात अशाच पेट्या चढवल्या होत्या.

ते कापड गिरणीच्या मागखात्यात जॉबर होते. बिघडलेल्या मागाचा दोष नुसत्या आवाजावरून ओळखायचा, हे त्यांचं काम. घरी रेकॉर्ड ऐकायला त्यांनी दोन मोठे स्पीकर जमवून प्लायवुडच्या पेट्यांत बसवले. पेट्यांनी अंथरुणाची जागा खाल्ली, म्हणून सासूबाई कुरकुरू लागल्या. शेजारच्या विणकरांनी एक जुना हातमाग मोडीत काढला होता. त्याचं सागवान आणून यांनी उंच घोडी केली. खाली एक पेटी, वरच्या फळीवर दुसरी, आणि दोन्हींखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे.

रविवारी सकाळी रेकॉर्ड लावली. ढोलकीच्या प्रत्येक थापेला घोडी खडखडू लागली. यांच्या पाठीमागे सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"आरं, तुजी घोडी दात वाजवतीय की."

हे समाधानाने मान डोलवत राहिले.

स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेला ते हल्ली ओ देत नसत. समोर उभं राहिलं की मात्र लगेच उत्तर येई. सासूबाई त्याला तोरा म्हणत. त्या खडखडाटात मला त्याचा खरा अर्थ लागला. मागखात्याच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलतात. कुणाचे कान गेले तर ते तिथे कळायचं कसं? आणि कळलं तर जॉबरचं काम जाणार.

लग्नानंतर ही ओठांची बोली त्यांनी मलाही शिकवली होती, सासूबाईंसमोर दोन शब्द बोलता यावेत म्हणून. मी त्यांच्यासमोर बसले आणि आवाज न काढता विचारलं, "ऐकू येत नाही ना?"

त्यांचं डोलणं थांबलं. त्यांनीही नुसते ओठ हलवले. "मागावर हात ठेवला की कळतं मला. गिरणीत कुणाला बोलू नकोस."

"घोडी खडखडतेय."

ते उठले. एकेका पायावर तळवा ठेवत मागच्या पायाशी थांबले आणि पान्याने बोल्ट आवळला. खडखड थांबली. थांबली की नाही, हे कळायला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"बसली का येकदाची?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांचा प्रश्न मी ओठांनी यांच्यापर्यंत पोचवला.

"बसली, आई!" हे केवढ्याने तरी म्हणाले.

"वरडतोस कशाला? मी काय बहिरी हाय व्हय?"

हे पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहू लागले. तेवढं वाक्य मात्र मी त्यांना सांगितलं नाही.